फेसबुकवर फुटलेली फाइल: पोलंडचे झ्बिग्निएव्ह स्तोनोगा जागल्या होते का?

८ जून २०१५ च्या रात्री वॉर्सातले एक मोटारविक्रेते, झ्बिग्निएव्ह स्तोनोगा, यांनी आपल्या फेसबुक पानावर कागदांचे फोटो टाकायला सुरुवात केली. ती एका चालू तपासाची फाइल होती, सुमारे अडीच हजार पानांची. साक्षीदारांचे जबाब, आरोपींची चौकशी, जप्तीच्या नोंदी, सगळं जसंच्या तसं. ९ जूनला पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. १० जूनला पंतप्रधान एवा कोपाच पत्रकारांसमोर आल्या, आपल्या सत्ताधारी पक्षाच्या मतदारांची माफी मागितली आणि राजीनाम्यांची यादी वाचली. त्यात संसदेचे सभापती राडोस्वाव शिकोर्स्की होते, आरोग्य, क्रीडा आणि सरकारी मालमत्ता खात्यांचे मंत्री होते, काही उपमंत्री होते. पंतप्रधानांच्या सल्लागार मंडळाचे प्रमुख यात्सेक रोस्तोव्स्कीही होते.

ही घटना ऐकली की साधा माणूस बुचकळ्यात पडतो. कागद दाखवणाऱ्याला पोलीस धरून नेतात, आणि त्याच कागदांमुळे मंत्री घरी जातात. मग चूक कोणाची? ज्यांनी पद सोडलं त्यांची, की ज्याने फाइल चव्हाट्यावर आणली त्याची? स्तोनोगा यांच्याबद्दल पोलंडमध्ये आजही दोन टोकांची मतं आहेत. कोणाला ते सत्तेला नडणारे जागल्या, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणारे, वाटतात, तर कोणाला प्रसिद्धीसाठी कोणत्याही थराला जाणारे व्यावसायिक. माझ्या मते हा वाद सुटत नाही, कारण दोन वेगळे प्रश्न एकात कालवले जातात. कागदात काय आहे हा एक प्रश्न. कागद आणणारा कसा आहे आणि त्याने ते कसे आणले हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यावर लादलं, किंवा दुसऱ्याचं पहिल्यावर, की गोंधळ ठरलेलाच.

मुळात फाइल कशाची होती?

त्यासाठी एक वर्ष मागे जावं लागेल. १४ जून २०१४ ला ‘व्प्रोस्त’ या साप्ताहिकाने काही संभाषणं उघड केली आणि पोलंड हादरलं. वॉर्सातल्या ‘सोव्हा इ प्शियाचिएले’ आणि ‘अंबर रूम’ या दोन महागड्या रेस्टॉरंटांच्या खासगी खोल्यांमध्ये मंत्री, अधिकारी, उद्योगपती जेवायला बसत. टेबलावर जे बोललं जाई ते चोरून ध्वनिमुद्रित होत होतं. सरकारी वकिलांच्या हिशेबाने जुलै २०१३ ते जून २०१४ या काळात अशा ६६ भेटी टिपल्या गेल्या आणि शंभरावर माणसं त्या जाळ्यात आली. हे काम रेस्टॉरंटातले वेटर करत होते.

बोलणी कोणती होती? सगळ्यात गंभीर होतं ते गृहमंत्री बार्तोमिए शिएन्केविच आणि मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष मारेक बेल्का यांचं. सरकार अडचणीत आलं तर बँकेने मदतीला यावं का, यावर चर्चा चालली होती आणि बेल्का यांनी त्याबदल्यात तेव्हाचे अर्थमंत्री रोस्तोव्स्की बदलावेत असं सुचवलं. मध्यवर्ती बँक सरकारपासून स्वतंत्र असते, असावी लागते. निवडणूक तोंडावर आली म्हणून सरकारला पैशाचा टेकू द्यायचा नाही, यासाठीच तिला वेगळं ठेवलेलं असतं. पुढे नोव्हेंबर २०१३ च्या फेरबदलात रोस्तोव्स्की खरंच गेले. पंतप्रधान डोनाल्ड टुस्क यांनी या दोन्हींचा संबंध नाकारला. पण लोकांच्या मनात शंका रुजली ती रुजलीच.

बाकीच्या संभाषणांतला मोठा भाग कायद्याच्या भाषेत गुन्हा नव्हता. तरी तोच लोकांना जास्त झोंबला. पोलंडचं राज्य फक्त कागदावर आहे, असं खुद्द गृहमंत्री म्हणत होते. अमेरिकेशी असलेली मैत्री कवडीमोलाची आहे असं तेव्हाचे परराष्ट्रमंत्री शिकोर्स्की म्हणत होते. सहा हजार झ्वॉटींवर एक तर चोर काम करेल नाहीतर मूर्ख, असं मंत्री एल्झ्बिएता बिएन्कोव्स्का म्हणाल्या. (झ्वॉटी हे पोलंडचं चलन.) त्या काळी लाखो पोलिश कुटुंबं त्याहून खूपच कमी पगारावर घर चालवत होती. त्यात जेवणाच्या पदार्थांची नावं बाहेर आली. टेबलावरचे छोटे ऑक्टोपस तर सत्ताधाऱ्यांच्या ऐशआरामाची खूणच बनले. पुढची कित्येक वर्षं प्रचारसभांत ऑक्टोपसचं नाव घेतलं की बाकी काही सांगावं लागत नसे.

सरकारने परिस्थिती आणखी बिघडवली. १८ जून २०१४ ला सरकारी वकील आणि अंतर्गत सुरक्षा यंत्रणेचे लोक ‘व्प्रोस्त’च्या कचेरीत घुसले आणि संपादकांचा लॅपटॉप हातातून हिसकावून घेऊ लागले. टीव्हीवर देशभर हे दृश्य दिसलं. एका क्षणात चर्चेचा विषय मंत्र्यांच्या बोलण्यावरून पत्रकारितेच्या स्वातंत्र्याकडे वळला. टुस्क यांनी २५ जूनला संसदेत २३७ विरुद्ध २०३ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. सप्टेंबरमध्ये त्यांच्या जागी कोपाच आल्या आणि टुस्क युरोपीय परिषदेचे अध्यक्ष म्हणून ब्रसेल्सला गेले. ध्वनिफितींचा विषय संपला असं अनेकांना वाटलं.

तपास मात्र चालू होता. ध्वनिमुद्रण कोणी करवलं, पैसे कोणी दिले, हे शोधलं जात होतं. संशय मारेक फालेन्ता या कोळसा व्यापाऱ्यावर होता. रशियातून येणाऱ्या कोळशाच्या धंद्यात त्यांची गुंतवणूक होती. या तपासात साचत गेलेली फाइल, तीच स्तोनोगा यांच्या हाती लागली.

हे नीट लक्षात घ्यायला हवं, कारण इथेच पुष्कळांची गल्लत होते. स्तोनोगा यांनी कोणाचं बोलणं चोरून टिपलं नव्हतं. ध्वनिफितीही त्यांनी बाहेर काढल्या नाहीत. त्यांनी बाहेर आणली ती त्या प्रकरणाच्या तपासाची कागदपत्रं.

स्तोनोगा कोण?

मोटारींच्या धंद्यातला माणूस. करखात्याने आपला व्यवसाय बुडवला, ही त्यांची मूळ तक्रार. ती त्यांनी अर्ज-विनंत्यांपुरती ठेवली नाही. वॉर्सातल्या आपल्या शोरूमवर त्यांनी करकचेरीला नाव घेऊन शिव्या देणारा भलामोठा फलक लावला. रस्त्याने जाणारे थांबून फोटो काढत. मग फेसबुकवर व्हिडिओ सुरू झाले. त्यांत कमालीची उघड भाषा, समोरच्या अधिकाऱ्याला थेट आव्हान आणि जागोजागी शिवीगाळ. लाखो लोक ते पाहू लागले.

त्यांचे चाहते का वाढले हे समजून घ्यायचं तर छोट्या धंदेवाल्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहावं लागतं. एक नोटीस येते, खातं गोठवलं जातं, पुढे अपिलात तुम्ही जिंकताही, पण तोवर दुकान बंद पडलेलं असतं. पोलंडमध्ये असे अनुभव घेतलेले लोक कमी नव्हते. त्यांच्या मनातलं कोणीतरी मोठ्याने बोलत होतं. त्यांचा राग खोटा नव्हता, असं मला ठामपणे वाटतं. दुसरीकडे स्तोनोगा यांच्यामागे आर्थिक व्यवहारांवरून खटल्यांचा ससेमिराही होता. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक कृतीकडे संशयाने पाहणारेही तितकेच होते.

जागल्या कोणाला म्हणायचं?

व्हिसलब्लोअर, म्हणजेच जागल्या. हा शब्द हल्ली कोणालाही लावला जातो. कायद्यात मात्र त्याला ठरावीक अर्थ आहे. एखाद्या संस्थेत काम करताना तिथला गैरप्रकार ज्याला दिसतो आणि लोकहितासाठी जो तो उघड करतो, तो जागल्या. यात ‘काम करताना’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. जागल्याला संरक्षण का द्यायचं? कारण त्याची भाकरी त्याच संस्थेच्या हातात असते. नोकरी जाणं, बदली, पगार अडकणं, पुढे कुठे काम न मिळणं, या भीतीपायी माणसं गप्प बसतात. कायदा ती भीती कमी करतो.

आपल्या ओळखीच्या ठिकाणी हे मांडून पाहू. गृहनिर्माण सोसायटीच्या कचेरीत हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाला दिसतं की रंगकामाची बिलं फुगवलेली आहेत. तो आधी सचिवांना सांगतो. ते दुर्लक्ष करतात. मग तो उपनिबंधकांकडे तक्रार करतो. तिथेही वर्षभर काही हलत नाही, तेव्हा तो ती बिलं सर्व सभासदांपुढे ठेवतो. हा जागल्या. आता दुसरं चित्र. बिलांची चौकशी आधीच सुरू आहे. चौकशीची पूर्ण फाइल बाहेरच्या कोणाच्या तरी हाती पडते. त्याचा सोसायटीशी जुना तंटा आहे. तो सगळी फाइल गावभरच्या व्हॉट्सअॅप गटांवर टाकतो. त्यात बिलं आहेत, शिवाय तक्रार करणाऱ्या सभासदांचे फोन नंबर, घरचे पत्ते, आधार क्रमांक, वॉचमनने दिलेला जबाब हेही आहे. बिलं फुगवलेली होती हे दोन्ही वेळा खरंच. पण दोन कृती एकसारख्या नाहीत.

स्तोनोगा दुसऱ्या चित्राच्या जवळ बसतात. ते सरकारी वकिलांच्या कचेरीत कामाला नव्हते, रेस्टॉरंटात नव्हते, मंत्रालयात नव्हते. तक्रारीची कोणतीही पायरी ते चढलेले नव्हते. कारण त्यांच्याकडे आलेली माहिती मुळात तपास यंत्रणेकडेच होती. कायद्याच्या काटेकोर अर्थाने ते जागल्या ठरत नाहीत. राजकीय कार्यकर्ता आणि फुटलेले कागद छापणारा, असं त्यांचं वर्णन जास्त बरोबर आहे.

म्हणून त्यांनी केलं ते आपोआप वाईट ठरत नाही. पत्रकारसुद्धा जागल्या नसतात, तरी फुटलेले कागद छापतात आणि अनेकदा ते योग्यच असतं. फरक पडतो तो छापण्याआधी काय गाळलं, काय ठेवलं, यावर.

फाइल बाहेर आली कशी?

स्तोनोगा यांचं म्हणणं होतं की हे फोटो त्यांना चीनमधल्या एका सर्व्हरवर सापडले. सरकारी वकिलांच्या बाजूने सांगण्यात आलं की प्रकरणातल्या पक्षकारांना आणि त्यांच्या वकिलांना फाइल वाचण्याची आणि तिचे फोटो काढण्याची परवानगी होती.

हे ऐकून अनेकांना धक्का बसला. गुप्त तपासाची फाइल आरोपीच्या वकिलाला कशी दाखवतात? पण यामागे चांगलं कारण आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्याला पुरावा माहीतच नसेल तर तो बचाव काय करणार? म्हणून पोलंडच्या फौजदारी प्रक्रियेत तपास चालू असतानाही, सरकारी वकिलांच्या परवानगीने, फाइल पाहता येते. पीडित पक्षालाही तो हक्क असतो. आणि या प्रकरणात पीडित कोण होते? ज्यांचं बोलणं चोरून टिपलं गेलं ते मंत्री आणि उद्योगपती. म्हणजे फाइल पाहण्याचा हक्क असलेल्यांची यादी लांबलचक होती.

पाहण्याचा हक्क आणि पसरवण्याचा हक्क हे वेगळे. पोलंडच्या दंडसंहितेचं कलम २४१ सांगतं की तपासातली माहिती न्यायालयात उघड होण्याआधी परवानगीशिवाय जाहीर केली तर दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्तोनोगा यांच्यावर आरोप ठेवला गेला तो याच कलमाचा. माहिती खोटी आहे असा तो आरोप नव्हता.

“पण कागद खरे होते ना? मग लपवायचं कशाला?”

हा आक्षेप सगळ्यात जोरकस आहे आणि त्याला हलक्यात घेऊ नये. लोकांनी निवडून दिलेली माणसं बंद खोलीत काय बोलतात हे लोकांना कळायला हवं, यात वाद नाही. बेल्का-शिएन्केविच संभाषण छापलं गेलं ते योग्यच झालं, असं माझं मत आहे. ते चोरून टिपलं होतं, टिपणाऱ्याचा हेतू वाईट होता, तरीही. मध्यवर्ती बँकेचं स्वातंत्र्य टेबलावर घासाघिशीला लागलं असेल तर ते जाणून घेण्याचा मतदारांचा हक्क मोठा.

पण २०१५ च्या फाइलमध्ये काय होतं ते जरा जवळून पाहू. मंत्र्यांच्या बोलण्याचा गाभा तर वर्षभरापूर्वीच छापून आलेला होता. नवीन होते ते जबाब, आणि जबाबाच्या पहिल्याच पानावर माणसाची ओळख लिहिलेली असते. पूर्ण नाव, राहण्याचा पत्ता, फोन आणि पेसेल क्रमांक. पेसेल म्हणजे प्रत्येक पोलिश नागरिकाचा अकरा अंकी ओळख क्रमांक. त्याचे पहिले सहा अंक जन्मतारखेवरून येतात. बँक, दवाखाना, फोन कंपनी, सगळीकडे तो लागतो. नाव, पत्ता आणि पेसेल एकत्र मिळाले की दुसऱ्याच्या नावावर कर्ज उचलण्याचा प्रयत्न करणाऱ्याचं निम्मं काम झालेलं असतं. आणि ही माहिती मंत्र्यांपुरती नव्हती. जे केवळ साक्ष द्यायला गेले होते त्यांचीही ती होती.

मंत्र्यांना सुरक्षा असते, वकील असतात, पत्रकार परिषद घेता येते. पोलिसांनी बोलावलं म्हणून जाऊन खरं सांगून आलेल्या माणसाकडे यातलं काही नसतं. उद्या दुसऱ्या कुठल्या प्रकरणात त्याच्यासारख्याला बोलावलं तर तो काय करेल? तोंड बंद ठेवेल. भ्रष्टाचार शोधायला जी साक्ष लागते तीच अशाने आटते. पानं टाकण्याआधी पत्ते आणि क्रमांक काळे करायला फार तर काही दिवस लागले असते. त्याने लोकांच्या जाणून घेण्याच्या हक्काला ओरखडाही उमटला नसता. स्तोनोगा यांच्यावरचा माझा मुख्य आक्षेप हाच आहे. त्यांच्या शिव्यांवर, त्यांच्या धंद्यावर किंवा त्यांच्या राजकारणावर तो नाही.

“मंत्र्यांनी राजीनामे दिले, म्हणजे गुन्हा कबूलच केला की!”

नाही. राजीनामा हा राजकीय निर्णय असतो, न्यायालयाचा निवाडा नव्हे. कोपाच यांनी राजीनामे घेतले तेव्हा संसदेची निवडणूक चार-साडेचार महिन्यांवर आली होती आणि दोन आठवड्यांपूर्वी, २४ मे रोजी, त्यांच्या पक्षाच्या पाठिंब्यावर उभे असलेले राष्ट्राध्यक्ष ब्रोनिस्वाव कोमोरोव्स्की हे आन्द्झेय दुदा यांच्याकडून हरले होते. ध्वनिफितींचा विषय पुन्हा वर आला तर पक्ष बुडेल, हा हिशेब त्यामागे होता. फाइल पसरल्याबद्दल त्यांनी महाअभियोक्ता, म्हणजे देशाचे सर्वोच्च सरकारी वकील, आन्द्झेय सेरेमेत यांनाही जबाबदार धरलं.

ज्यांचा त्या दिवशी राजीनामा गेला त्यांच्यापैकी शिकोर्स्की डिसेंबर २०२३ मध्ये टुस्क पुन्हा पंतप्रधान झाल्यावर परत परराष्ट्रमंत्री झाले. शिएन्केविचही त्या मंत्रिमंडळात आले. आज आंतरराष्ट्रीय बातम्यांत पोलंडची बाजू मांडताना जे शिकोर्स्की दिसतात, ते हेच. त्यांचं ते संभाषण न्यायालयात गुन्हा ठरलं असतं तर हे घडलं नसतं.

न्यायालयाने दोषी ठरवलं ते टिपणाऱ्यांना. डिसेंबर २०१६ मध्ये फालेन्ता यांना अडीच वर्षांची कैद झाली, आणि वर्षभराने अपिलातही ती कायम राहिली. फेब्रुवारी २०१९ मध्ये तुरुंगात हजर व्हायचं होतं, तेव्हा ते देशाबाहेर पळाले. एप्रिलमध्ये स्पेनमध्ये सापडले. तिथून परत आणल्यावर त्यांनी राष्ट्राध्यक्ष दुदा यांना शिक्षा माफ करावी म्हणून लिहिलेलं पत्र वर्तमानपत्रात आलं. २०१५ च्या निवडणुकीत सत्तेवर आलेल्या ‘कायदा आणि न्याय’ पक्षाच्या लोकांशी आपलं आधीपासून संधान होतं, असा दावा त्यांनी त्यात केला होता. त्या पक्षाने तो फेटाळला. २०२२ मध्ये त्यांच्या एका जुन्या भागीदाराचा जबाब छापून आला. ध्वनिफिती आधी रशियन कोळसा व्यापाऱ्यांकडे गेल्या, असा आरोप त्यात होता, आणि टुस्क यांनी संसदीय चौकशी मागितली.

हे सांगण्याचं कारण असं की कागद फुटतो तेव्हा वाचकाने आणखी एक गोष्ट विचारायची असते, हे आत्ताच का आणि कोणाच्या सोयीने बाहेर आलं? त्याचं उत्तर काहीही निघालं तरी बेल्का-शिएन्केविच संभाषण खोटं ठरत नाही. फक्त त्याच्या शेजारी एक दुसरी, तितकीच गंभीर बातमी उभी राहते.

“मग निवडणूक स्तोनोगांनीच फिरवली?”

असं पुष्कळ जण मानतात. तारखा वेगळंच सांगतात. सत्ताधाऱ्यांवरचा राग जूनच्या आधीच मतपेटीत उतरला होता. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या १० मेच्या पहिल्या फेरीत रॉक गायक पावेव कुकिझ यांना २० टक्क्यांहून जास्त मतं पडली होती. त्यांच्यामागे कोणतीही मोठी पक्षयंत्रणा नव्हती. ऑक्टोबरमध्ये ‘कायदा आणि न्याय’ या पक्षाने ३७.६ टक्के मतं आणि ४६० पैकी २३५ जागा जिंकून एकहाती सत्ता मिळवली. फाइल फुटल्याने सत्ताधाऱ्यांची उरलीसुरली उमेद गेली असेल, पण वारं आधीच फिरलेलं होतं.

स्तोनोगा स्वतःही आपली यादी घेऊन त्या निवडणुकीत उतरले. त्यांना अर्धा टक्काही मतं मिळाली नाहीत. संसदेत शिरायला किमान पाच टक्के लागतात. फेसबुकवर त्यांना पाहणारे लाखोंनी होते. मत द्यायची वेळ आली तेव्हा त्यांच्यातल्या बहुतेकांनी दुसरीकडे शिक्का मारला. कागद आणणाऱ्याचे आभार मानणं आणि त्याच्या हाती राज्य देणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे पोलिश मतदाराला अचूक कळत होतं.

“हेतू वाईट असेल तर संरक्षण का द्यायचं?”

हा प्रश्न युरोपातल्या न्यायालयांनाही पडला. २००८ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने मोल्दोव्हाच्या याकोब गुजा यांचा खटला निकाली काढला. ते महाअभियोक्त्यांच्या कचेरीत माध्यम विभागाचे प्रमुख होते. राजकारणी तपासावर दबाव आणत असल्याचं दाखवणारी दोन पत्रं त्यांनी वर्तमानपत्राला दिली आणि त्यांची नोकरी गेली. न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि अशा प्रकरणांसाठी कसोट्या घालून दिल्या. दुसरा मार्ग उपलब्ध होता का? माहितीत लोकहित आहे का? ती खरी आहे का? नुकसान किती झालं? हेतू काय होता? शिक्षा किती कडक? २०२३ मध्ये लक्झेंबर्गमधल्या करसवलतींचे कागद फोडणाऱ्या राफाएल आले यांच्या खटल्यातही याच कसोट्या लावून निकाल त्यांच्या बाजूने लागला.

गुजा यांनी दोन पत्रं दिली होती, नेमकी जी दाखवायला हवी तीच. हा बारकावा मला फार मोलाचा वाटतो.

युरोपीय संघाने २०१९ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा निर्देश काढला. निर्देश म्हणजे सदस्य देशांनी ठरावीक मुदतीत आपापला कायदा करावा, असा संघाचा आदेश. त्यात हेतूला बाजूला ठेवलं आहे. माहिती देताना ती खरी आहे असं मानायला तुमच्याकडे सयुक्तिक कारण असलं पाहिजे, बस. साहेबांवर राग होता, बढती हुकली होती, यावर संरक्षण अडत नाही. माझ्या मते हे बरोबर आहे. आतलं माहीत असलेला माणूस बहुधा दुखावलेलाच असतो. हेतू तपासत बसलो तर प्रत्येक मालक आपल्या तक्रारदाराला ‘सूडबुद्धीचा’ ठरवून मोकळा होईल.

थेट जगासमोर जाण्यावर मात्र या निर्देशाने अटी घातल्या आहेत. आधी संस्थेत किंवा नेमून दिलेल्या सरकारी यंत्रणेकडे तक्रार करायची. सात दिवसांत पोच मिळाली पाहिजे आणि साधारण तीन महिन्यांत काय केलं ते कळलं पाहिजे. काहीच झालं नाही, किंवा लोकहिताला तातडीचा धोका आहे, किंवा तक्रार केली तर सूड उगवला जाईल किंवा पुरावे नष्ट होतील अशी परिस्थिती आहे, तर जाहीर करणाऱ्यालाही संरक्षण आहे.

पोलंडमध्ये पुढे काय झालं?

कायदा करायची मुदत १७ डिसेंबर २०२१ ला संपली, आणि पोलंडने तो केलाच नाही. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने पोलंडला ७० लाख युरो दंड ठोठावला, आणि कायदा होईपर्यंत दर दिवशी आणखी ४० हजार युरो. मग जूनमध्ये कायदा झाला आणि २५ सप्टेंबर २०२४ पासून लागू झाला. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात अशा आस्थापनेला आता आतल्या तक्रारीची व्यवस्था ठेवावी लागते.

सोव्हा रेस्टॉरंटातल्या वेटरला हा कायदा वाचवू शकला असता का? चोरून ध्वनिमुद्रण करणं हा स्वतंत्र गुन्हाच राहतो, तेव्हा नाही. पण मध्यवर्ती बँकेतला एखादा अधिकारी अशा दबावाची नोंद घेऊन वर गेला असता, तर त्याला आज हात लावणं अवघड आहे. स्तोनोगा यांच्यासारखा, त्या कामाशी संबंध नसलेला माणूस मात्र या छत्रीबाहेरच आहे, आणि कलम २४१ अजून जागेवर आहे.

साक्षीदारांच्या पत्त्यांचं काय, याचं उत्तर एका कमी चर्चिल्या गेलेल्या दुरुस्तीत आहे. पीडित आणि साक्षीदारांच्या संरक्षणाचा नवा कायदा पोलंडने नोव्हेंबर २०१४ मध्येच केला होता आणि तो ८ एप्रिल २०१५ ला लागू झाला. त्यानुसार राहण्याचा आणि कामाचा पत्ता जबाबात लिहायचा नाही, वेगळ्या जोडपत्रात ठेवायचा, आणि ते जोडपत्र फक्त तपास यंत्रणेने आणि न्यायालयाने पाहायचं. म्हणजे फाइल वाचणाऱ्याला जबाब मिळतो, पत्ता मिळत नाही. ध्वनिफितींच्या प्रकरणातले बरेचसे जबाब मात्र २०१४ च्या उन्हाळ्यातले, जुन्या पद्धतीने लिहिलेले होते. म्हणून नवा नियम लागू होऊन दोन महिने झाले असतानाही त्या रात्री फेसबुकवर गेलेल्या पानांवर पत्ते होते.